डोळ्यांची बैलजोडी

जठारपेठ, अकोला
गुरुवार, १७ जानेवारी १९६३

प्रिय मैना,

अनेक आशीर्वाद. हे पत्र नेहमीप्रमाणे आशाबाई तुला वाचून दाखवील, म्हणून प्रथम तिलाच एक सूचना. सूनबाई, पत्र दीर्घ आहे, संस्कृतप्रचुर आहे, आणि त्यात अस्मादिकांच्या विद्वत्तेचे ठिकठिकाणी अनावश्यक प्रदर्शन घडलेले आहे. तरी एकही शब्द गाळू नये. सासूबाईंना कळणार नाहीत या करुणेपोटी माझ्या जडजंबाल शब्दांचे सुलभीकरण तर मुळीच करू नये. त्यांतले निम्मे शब्द तिला माझ्याआधी पाठ होते. ती हकीकत यथाक्रम येईल. तव्यावर भाकरी असेल तर ती उतरवून मग बसावे.

मुद्द्याचे आधी सांगतो, कारण वयोमानाने मी मुद्द्यापर्यंत पोचेनच अशी शाश्वती उरलेली नाही. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, म्हणजे अठ्ठावीस तारखेला दुपारी तीन वाजता, आमच्या पेठेतल्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळाची सभा आहे. विषय एकच: पंचफुला नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचे नाव चौथीच्या पटावरून काढावे की नाही. काढावे, असे हेडमास्तर महादेवरावांचे मत आहे. मंडळात आम्ही सात सभासद. त्यांपैकी पाचांचे मत हेडमास्तरांना विचारूनच तयार होते आणि सहावे सभासद निद्रावस्थेत असतात. काढू नये असे म्हणणारा उरलेला एक सभासद म्हणजे तुझा भाऊ. दरवर्षी शाळेतल्या पोरांचे डोळे फुकट तपासतो म्हणून मला मंडळावर घेतले आहे. मी तिथे बोलेन, अशी कोणाची कल्पना नव्हती. माझीही नव्हती.

पंचफुलेचा बाप जानराव हा आमच्या पेठेचा पोस्टमन. तुझी पत्रे, म्हणजे आशाबाईच्या अक्षरातली तुझी पत्रे, मला आणून देतो तोच. छप्पन साली नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातल्या रिकाम्या देवळीत पुस्तके मांडली. पंचफुला तेव्हा तीन वर्षांची. ती शिकणार, ही गोष्ट त्या घरात सकाळी सूर्य उगवण्याइतकी ठरलेली. आणि ती मुलगी गेली चार वर्षे अक्षरांशी झोंबते आहे. सुटी अक्षरे ओळखते, पण ओळ वाचायला सांगितली की तिच्या कपाळावर घाम येतो. दिवाळीनंतर एके दिवशी जानराव डाकेची थैली खांद्यावर आणि पोर हाताशी घेऊन दुकानात शिरला आणि माझ्या उपनेत्रविक्रयाच्या गादीसमोर उभा राहून म्हणाला, "भाऊ, मास्तर म्हणते पोरीच्या डोक्यात काई नाई. मी म्हणलं, पहिले डोळे त पाहू. डोळ्यात काई नसन त चष्मा लावू. अन डोक्याचं म्हणत असन त ते डोकं माह्यं आहे, अन माह्या डोक्यात चारशे घरचे पत्ते आहेत."

(उपनेत्र म्हणजे चष्मा, आशाबाई. चष्म्याला उपनेत्र म्हटल्याने काचेचा नंबर बदलत नाही, परंतु गिऱ्हाईक वहाणा बाहेर काढून आत येते.)

मी तिला खुर्चीवर बसवून भिंतीवरचा तक्ता दाखवला. अक्षरे न येणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक तीन हातांच्या आकृतीचा तक्ता असतो. आकृतीचे हात कोणीकडे आहेत तेवढे सांगायचे. पोरीने सगळ्यांत खालची ओळ सांगितली, आणि वर मला म्हणाली, "मामा, त्या शेवटच्याच्या बाजूले माशी बसली हाय. तिचा एक पाय तुटेल हाय." मी उठून जवळ गेलो. भिंग लावून पाहिले. माशीला पाच पाय होते. नेत्रपरीक्षाविशारद ही पदवी मीच मला बहाल केलेली असल्यामुळे ती त्या क्षणी परत घेणेही माझ्याच हाती होते.

आता एक कबुली देतो. अशी पोरे गेली कित्येक वर्षे माझ्याकडे येत आली आहेत. डोळे निर्दोष, वाचन शून्य. मास्तर पाठवतात, आईबाप धास्तावलेले असतात, आणि 'डोळे ठीक आहेत' असे सांगितले की त्यांची तोंडे उतरतात, कारण डोळे ठीक असतील तर मग पोरच वाईट, असा त्याचा अर्थ. म्हणून मी साधी काच बसवून देत असे. शून्य नंबर. आईबापांचे समाधान आणि मास्तरांचे सहा महिने गप्प बसणे, एवढाच त्या काचेचा गुण. पंचफुलेच्या नाकाचे मापही मी घेतले होते. परंतु त्या पाच पायांच्या माशीने माझा हात धरला. म्हटले, ही वाचते तरी कशी ते एकदा पाहू.

पुस्तक टेबलावर ठेवले. नवा चष्मा चेहऱ्याला शोभतो की नाही हे पाहण्याचा वीतभर आरसा तिथेच आडवा पडलेला होता, पुस्तकाच्या वरच्या कडेला लागून. पोर वाकून वाचू लागली आणि मला त्या आरशात खालून तिचे दोन्ही डोळे दिसले. मैना, चोवीस वर्षे मी लोकांच्या डोळ्यांवर पोट भरतो; परंतु वाचणारे डोळे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. माझी समजूत अशी की डोळे ओळीवरून पाटाच्या पाण्यासारखे वाहत जातात. ते वाहत नाहीत. ते चिमणीसारखे उडतात. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी, पुन्हा मुक्काम. जानरावाला वर्तमानपत्र देऊन त्याच आरशावर वाचायला लावले, तर त्याचे डोळे असे शिस्तीत टुणटुणत गेले आणि ओळ संपताच एका झेपेत खालच्या ओळीच्या आरंभाला येऊन बसले. पंचफुलेचे तसे नाही. ते दोन शब्द पुढे जातात, तीन मागे येतात, वरच्या ओळीत शिरतात, तिथे आपले कोणी नाही असे पाहून परततात. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे दोघे बरोबर पोचत नाहीत. बाबांच्या मळ्यातली ती थोराड बैलजोडी आठव. धुऱ्यापाशी वळताना डावा वळलेला असायचा आणि उजवा सरळ शेजाऱ्याच्या तुरीकडे पाहत असायचा. मग नांगराचा तास वाकडा जायचा आणि बाबा दोघांच्याही आईचा उद्धार करायचे. तसेच हुबेहूब. डावा डोळा शब्दावर टेकलेला आणि उजवा अजून वाटेत.

मग मला संशय आला की ही जोडी मुळातच बेशिस्त असावी. म्हणून मी तिच्या हातात एक मोडकी फ्रेम दिली आणि दांडीच्या बिजागरीतला स्क्रू बसवायला सांगितला. हा स्क्रू मोहरीएवढा असतो. माझ्यासारख्या सेहेचाळीस वर्षांच्या तज्ज्ञाला त्यासाठी भिंग, चिमटा आणि दोन शिव्या लागतात. पोरीने तो नुसत्या बोटांनी लावला. आरशात पाहिले, तर दोन्ही डोळे एका खुंट्याला बांधल्यासारखे स्थिर. म्हणजे बैल उत्तम. जू उत्तम. अक्षरांच्या शेतात शिरले की मात्र बिथरतात.

यावर मी जे संशोधन केले ते कोणत्याही विद्यापीठाने हाती घेतलेले नसल्यामुळे निर्दोष आहे. पेठेतली एकतीस पोरे, प्रत्येकी एक लिमलेटची गोळी, तोच आरसा. अठ्ठावीस पोरांचे डोळे कमी-अधिक शिस्तीत गेले. तिघांचे गेले नाहीत. एक पंचफुला. दुसरी एका विटभट्टीवाल्याची मुलगी, जिला बापाने मागच्याच वर्षी शाळेतून काढली. आणि तिसरा कापडबाजारातल्या शेटजींचा ओमप्रकाश. या ओमप्रकाशाला दोन मास्तर घरी शिकवायला येतात; एक वाचून दाखवतो आणि दुसरा लिहून देतो. त्याच्याविषयी महादेवराव मला म्हणाले होते, "मुलगा बुद्धिमान आहे, फक्त चंचल आहे." आता पाहा, मैना. डोळे तेच, उड्या त्याच, वाकडे तासही तेच. परंतु शेटजींच्या घरी त्याचे नाव चंचलता. पोस्टमनच्या घरी मंदबुद्धी. आणि एका माळ्याच्या घरी, फार वर्षांपूर्वी, त्याचे नाव लबाडी होते.

तिथे मी पुन्हा येतो. सूनबाई, सासूबाईंकडे पाहू नकोस, कागदाकडे पाहा.

महिन्याभरापूर्वी अमरावतीला गेलो असताना एका वृद्ध नेत्रशल्यविशारदांना गाठून मी हा सर्व प्रकार निवेदन केला. ते हसतील अशी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. कपाटातून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढून त्यांनी मला एक पान दाखवले. विलायतेतल्या डॉक्टरांना अशी मुले साठ-सत्तर वर्षांपासून ठाऊक आहेत. दृष्टी साबूत, बुद्धी साबूत, आणि छापील शब्दापुढे मात्र अंधार. त्यांनी जे नाव दिले आहे त्याचे मी शब्दांधत्व असे भाषांतर करून ठेवले. मात्र ते मला आवडलेले नाही, कारण आंधळे नेमके कोण, हे त्या नावातून उलटेच सूचित होते. मी विचारले, डोळे अडखळतात म्हणून वाचता येत नाही, की वाचता येत नाही म्हणून डोळे अडखळतात? धूर कोणता आणि अग्नी कोणता? ते म्हणाले, "देवीदास, ते अजून कोणाला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे असं सभेत सांगू नकोस, म्हणजे झालं." सांगणार नाही. परंतु धुराचा अर्थ न लागल्यामुळे घरच पाडून टाकावे, हा न्याय मला मान्य नाही.

तेव्हापासून पंचफुला शाळा सुटल्यावर रोज तासभर दुकानात येते. चष्म्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी एक ओळ मावेल एवढी खिडकी केली आहे. ती पुस्तकावर ठेवायची. वरच्या ओळी झाकलेल्या, खालच्या झाकलेल्या, मध्ये एकच ओळ उघडी. बैलांना शेजाऱ्याची तूर दिसायला नको. औषध म्हणावे असे हे काही नाही. ती अजूनही चुकते, अजूनही घामाघूम होते, आणि जोडाक्षर आले की माझ्याकडे असे पाहते की जणू ते मीच पाणिनीकडून वशिल्याने आणले. पण मागच्या आठवड्यात तिने अख्खा धडा वाचला. सहा ओळींचा धडा, अठरा मिनिटे. वाचून झाल्यावर म्हणाली, "मामा, याच्यात त कोल्हा हाय." चार वर्षे तो धडा तिच्या दप्तरात होता. आत कोल्हा आहे हे तिला त्या दिवशी कळले.

ही वार्ता मी महादेवरावांकडे मोठ्या उत्साहाने घेऊन गेलो. त्यांनी ती ऐकून घेतली, पान लावले आणि म्हणाले, "सहा ओळींना अठरा मिनिटे! आणि मार्चमध्ये परीक्षा. शाळेचा निकाल मी काय तुमच्या पुठ्ठ्याला बांधू?" मी आरशाचे सांगितले. तर म्हणाले, "देश संकटात आहे, सीमेवर जवान लढले, आणि तुम्ही पोस्टमनच्या पोरीचे डोळे आरशात पाहत बसला आहात." पोस्टमनच्या पोरीचे डोळे आणि हिमालयाचे रक्षण यांचा अन्वय मला लागेना. मग आवाज खाली आणून त्यांनी खरे ते सांगितले. "अहो, या लोकांना आता सगळ्यांनाच बॅरिस्टर व्हायचं आहे. कोणाला तरी सांगावं लागतं, की बाबा, तुझ्या पोरीचं काम नव्हे."

मैना, मी विनोदी मनुष्य आहे. अपमान झाला की मला समास सुचतो. परंतु त्या क्षणी एकही समास सुचला नाही. मी म्हणालो, मुलीचे नाव काढायचे असेल तर मंडळाची सभा बोलवा आणि माझ्यासमोर काढा. ते म्हणाले, बोलवतो. आणि वर म्हणाले, "सभेत मला असा एक माणूस दाखवा, देवीदासजी. लहानपणी शाळेत बसवला, अक्षरं शिकवली, तरी वाचता आलं नाही, आणि तरीही बुद्धिमान निघाला. एक. दाखवलात तर ही मुलगी परीक्षेला बसेल, माझा शब्द."

मी म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "कोण?" मी म्हणालो, "अचलपुरात आहे." आणि त्यानंतर ते जे विचारणार होते ते त्यांनी विचारण्यापूर्वीच मी वहाणा पायांत घालून बाहेर पडलो. कारण पुढचा प्रश्न उघड होता. तिला वाचता येत नाही, हे तुम्हाला कसे कळले?

कसे कळले ते आशाबाईला ठाऊक नाही. तुझ्या मुलालाही नसेल. तू कोणाला सांगणारी नव्हेस, आणि मी तर नव्हेच. म्हणून आज मी लिहितो, आणि तू ते मोठ्याने वाचले जाताना ऐक.

साल तीस. मी तेरा वर्षांचा, तू दहा. अमरावतीचा आपला मळा. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण सत्यशोधकांच्या सभा ऐकून आले आणि तुला शाळेत घातली. लोक म्हणाले, "माळ्याची पोर शाळेत गेली त फुलं काय मास्तर तोडन?" बाबा म्हणाले, "फुलं मी तोडतो. तिले वाचू द्या." त्या सालापर्यंत दोन-अडीच वर्षे तू गेली होतीस. मी भेंडीच्या वाफ्यांतून फिरत 'देवः देवौ देवाः' घोकायचो आणि तू भेंडी तोडता तोडता पुढची विभक्ती माझ्याआधी म्हणायचीस. मी अडखळलो की वाफ्यातून आवाज यायचा, "देवेभ्यः, भाऊ, देवेभ्यः!" माझे संस्कृत, ज्याच्या बळावर मी या पेठेत पंडित म्हणून मिरवतो, त्याचा अर्धा भाग तुझ्या मुखाने पाठ झालेला आहे. तुझे पुस्तकही तसेच पाठ व्हायचे. मी एकदा वाचायचो, तू दोनदा ऐकायचीस, झाले. तू पानाकडे पाहत नाहीस हे माझ्या ध्यानात आले होते. मला वाटले, आळस.

मग त्या नागपंचमीला पाहुणे आले. फुलांविषयी बोलणारेच सगळे. बाबांनी तुला मधोमध उभे केले आणि म्हणाले, "वाच, मैना." तू वाचलेस. घडाघडा, न थांबता. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. आणि तुझ्या तेरा वर्षांच्या विद्वान भावाला ते सहन झाले नाही. आजवर वाचणारा तो एकटाच होता ना घरात. मी पुढे आलो, तुझ्या हातातले पुस्तक घेतले, उलटे केले आणि परत दिले. म्हटले, आता पुढचा धडा. तुझे डोळे बाबांकडे होते, पुस्तकाकडे नव्हते. तू उलट्या पुस्तकातून पुढचा धडा तितकाच घडाघडा वाचलास. पाहुणे हसून लोळले. आणि बाबा, मैना, बाबा माझ्याकडे वळून विचारू लागले, "देवा, हे काहून हसून राहिले?" पुस्तक उलटे आहे हे त्यांना कळलेच नव्हते. ते मलाच त्यांना सांगावे लागले. मी सांगितले. वर म्हणालो, "हिले काई येत नाई, बाबा. लबाड आहे."

ज्या घरात एकालाच वाचता येते, तिथे त्या एकाचा शब्द म्हणजे वेदवाक्य. बाबांनी तुला एका शब्दाने दुखवले नाही. दुसऱ्या दिवशी तुझी पाटी माठावर झाकण म्हणून गेली. मी भेंडीच्या वाफ्यांतून घोकत राहिलो; वाफ्यातून आवाज येणे मात्र बंद झाले. मॅट्रिकला संस्कृतात मी काठावर पास झालो, त्याचे कारण परीक्षकांना कधीच कळले नाही.

तुझ्याविषयी मी महादेवरावांना काय सांगणार आहे, ते ऐक. चौदाव्या वर्षी अचलपूरला दिलेली ही मुलगी, धनी गेल्यावर संत्र्यांची चारशे झाडे एकटीने उभी ठेवते. कोणत्या झाडाचे कलम कोणत्या साली आणि कोणाच्या बागेतून आणले, हे तिला झाडागणिक तोंडपाठ आहे. भावकीचे भांडण असले की पंच आधी तिला बोलावतात, कारण वीस वर्षांपूर्वी कोण काय म्हणाले ते ती त्याच शब्दांत सांगते आणि मग कोणालाही शब्द फिरवता येत नाही. तलाठ्याने बांधाचा कागद वाचताना मधली एक ओळ गाळली, तेव्हा तिने त्याला थांबवले. तो कागद तिने एकदाच ऐकला होता, सहा वर्षांपूर्वी. (तलाठ्याच्या डोळ्यांनी ओळ चुकवली तर ती नजरचूक. त्याचे नाव पटावरून काढत नाहीत.) आणि इतके सगळे झाल्यावर ती शाईच्या डबीत अंगठा बुडवते, मान खाली घालून.

ती मान खाली घालायला मी लावली, हेही सांगणार आहे. वर्गात हजेरी घ्यावी तितक्या स्वच्छ आवाजात. महादेवरावांनी निरोप पाठवला आहे की मी हा हट्ट सोडला नाही, तर पोरांचे डोळे तपासायला दुसरा मनुष्य पाहतील आणि मंडळावरही दुसरा मनुष्य पाहतील. पाहोत. त्यांची दृष्टी उत्तम आहे, पुष्कळ मनुष्ये दिसतील. लोक म्हणतील, चष्मेवाल्याला पोस्टमनचा एवढा पुळका कशाला? पुळका नव्हे. एकदा मी एका मुलीविरुद्ध साक्ष दिली आणि ती मानली गेली. आता दुसरीच्या बाजूने देतो आहे. आणि ही मानली जाईपर्यंत मी त्या सभेतून उठणार नाही. सहावे सभासद जागे झाले तरी.

सूनबाई, तुझे काम इथे संपले. बरोबरचा दुसरा कागद तू वाचू नकोस. तो सासूबाईंच्या हातात दे आणि बाहेर अंगणात जाऊन बस. अक्षर मोठे काढले आहे, ओळी दूर दूर ठेवल्या आहेत, आणि आयुष्यात प्रथमच मी एकही जोडाक्षर न वापरता लिहिले आहे. तिने हाक मारली तरी जाऊ नकोस. तास लागो, दोन लागोत.

मैना,

हे तू वाच. हळू वाच. घाई नाई.

तू नातवाची अंकलिपी घेऊन बसते, हे मले कळलं. लपवू नको. ती लाजाची गोठ नाई. लाजाची गोठ माही आहे. बाबाले मी खोटं सांगतलं. तू लबाड नवती. दोन डाव ऐकून सारा धडा पाठ करणारी पोर लबाड कशी? मले ते तवा समजलं नाई. समजलं तवा लाज वाटली, अन मी तीस वरस बोललो नाई.

सोमवारी, अठावीस तारखेले, सकाळची मोटार धर. मी मोटार थांबते तिथं, फाटकापाशी, उभा राहीन. सभेत कोणी तुले वाचाले लावणार नाई. लावलं त मी आहे. माही चूक मीच सांगीन. तू नाई आली तरी सांगीन. पण तू आली त पंचफुला पाहन, का असंही माणूस असते, अन ते मान वर करून बोलते.

इथवर आली ना? हे तुले कोणी वाचून दाखवलं नाई, मैना. हे तू वाचलं.

तुझाच भाऊ,
देवीदास